मधला थर

चहा झाला, बिस्किटांचे पुडे फिरले, आणि मग पुण्याच्या प्रयोगशाळेतून आलेल्या शंतनु नावाच्या तरुण इंजिनिअरनं टेबलावर दोन एन-९५ मास्क ठेवले. परभणीच्या त्या सभागृहात जिल्ह्यातले साठ-सत्तर विज्ञान शिक्षक बसले होते. वस्तूंची प्रमाण मानकं म्हणजे काय ते शाळेतल्या मुलांना शिकवायचं, म्हणून दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं. काल हेल्मेट, कुकर, गॅसची नळी असं सगळं पाहून झालं होतं, आणि मास्कचं आता कुणाला काय पडलंय अशा चेहऱ्यानं मागच्या रांगा पेंगत होत्या. पालमच्या शाळेतला सिद्धोधन खंदारे मात्र पहिल्या रांगेत वही उघडून बसला होता. नोकरीला अठ्ठावीस वर्षं झाली तरी प्रशिक्षणात टिपणं काढणारा तो एकटाच असायचा, आणि त्याची त्यावरून पाठीमागं चेष्टाही व्हायची. “हे दोन्ही मास्क एकाच पुड्यातले,” शंतनु म्हणाला. “दोन्ही अस्सल, आय एस ९४७३ च्या कसोटीला उतरलेले. फरक एवढाच, की यातला एक मी परवा साबणाच्या कोमट पाण्यात धुतला आणि उन्हात वाळवला. कुठला, सांगा?” कुणालाच सांगता येईना. मग त्यानं एकेक मास्क छोट्या यंत्राच्या तोंडाशी लावला. पहिल्यानं हवेतले शंभरातले सत्त्याण्णव कण अडवले. दुसऱ्यानं बावन्न. “बाहेरचा थर आणि आतला थर नुसता आधाराला असतो. खरं काम मधल्या थराचं. त्याच्या तंतूंत विद्युतभार कोंडून ठेवलेला असतो, तो कण ओढून धरतो. तुम्ही आठवीला शिकवता ना, कंगवा केसांवर घासून कागदाचे कपटे उचलायचे? तेच. साबणानं तो भार जातो. मास्क दिसायला तसाच राहतो. उलट जास्तच स्वच्छ दिसतो.” सिद्धोधननं आपल्या रेखीव अक्षरात लिहिलं, ‘मधला थर. साबण – भार नाहीसा. दिसण्यात फरक नाही.’ सवयीप्रमाणे त्याखाली त्यानं पट्टीनं रेघ मारली. रेघ शेवटाला पोचली, आणि पेन तिथंच राहिलं.

पुढं सभागृहात काय झालं ते त्याला आठवत नव्हतं. कुणीतरी “सर, जेवायलात का न्हाई?” असं विचारलं होतं, आणि आपण “हो हो, जेवायलो ना,” म्हणून ताट तसंच सरकवलं होतं, एवढंच. दुपारी गंगाखेडमार्गे पालमला जाणाऱ्या एसटीत तो खिडकीशी बसला. रस्त्याच्या कडेला कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्या उपटायचं काम चाललं होतं. त्याला एक हिरवा प्लॅस्टिकचा टब दिसत होता. पाच वर्षांपूर्वीचा एप्रिल, कोरोनाची दुसरी लाट. सुकेशनी, त्याची बायको, तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नर्स होती. ती संध्याकाळी दारातच चप्पल काढायची, मास्क काढून त्याच्या हातात द्यायची, आणि सरळ न्हाणीत जायची. मग त्याचं काम सुरू व्हायचं. कोमट पाणी, त्यात कपड्याची पावडर, जंतुनाशकाचे दोन थेंब. मास्क पिळायचा नाही, तळहातांमध्ये धरून हळूच दाबायचा, म्हणजे रबराच्या दोऱ्या सैल पडत नाहीत. तीन पाण्यांतून काढायचा. नाकावरची पट्टी बोटानं सरळ करायची. सकाळी गच्चीवरच्या तारेला दोन चिमटे लावून वाळत घालायचा आणि ऊन फिरलं की बाजू बदलायची. ढगाळ असलं तर सुती रुमाल वर ठेवून हलकी इस्त्री. एवढ्या निगुतीनं त्यानं स्वतःची कामं कधी केली नव्हती. रेडिओवर सांगत होते, पेपरात चौकटीत येत होतं, मास्क रोज साबणाच्या कोमट पाण्यानं धुवा. ती चौकट कापून त्यानं शाळेच्या फलकावर चिकटवलीसुद्धा होती. ती सूचना घरी शिवलेल्या कापडी मास्कसाठी होती, आणि तसं तिच्यात स्पष्ट लिहिलंही होतं. आता एसटीत बसल्या बसल्या त्याला त्या चौकटीचा शब्द न् शब्द आठवत होता.

आणि हा धुण्याचा सोस काही त्या वर्षीचा नव्हता. सिद्धोधनचे वडील तात्याराव राणीसावरगावात लोकांच्या शेतात राबायचे. त्यांच्याकडं एक पांढरा सदरा होता. एकच. “फाटकं घाला, पर मळकं घालू नगा,” हे वाक्य त्या घरात बुद्धवंदनेसारखं रोज व्हायचं. ज्या गावानं दोन पिढ्या मागं या घराला आडावर चढू दिलं नव्हतं, त्या गावातून तात्याराव तो सदरा घालून सभेला, पौर्णिमेला, पोराच्या शाळेत, ताठ मानेनं जायचे. तो सदरा धुण्याचं काम सिद्धोधनचं होतं. सात-आठ वर्षांचा असल्यापासून. काखेतला डाग राहिला तर वडील मारायचे नाहीत, नुसते सदरा त्याच्यापुढं धरून उभे राहायचे, आणि ते मारण्यापेक्षा वाईट असायचं. म्हणून सिद्धोधनच्या लेखी धुणं हे काम नव्हतंच कधी. माणसाला मान द्यायची त्याला येणारी ती एकच पद्धत होती. त्याला प्रेमाचं बोलता यायचं नाही. लग्नानंतर चुडाव्याच्या माहेरी गेलेल्या सुकेशनीला त्यानं एकदा पत्र लिहिलं होतं, त्यात निम्मं पान पाऊसपाण्याचं होतं. पण तिचा युनिफॉर्म तो धुवायचा, आणि दवाखान्यातल्या बाया तिला विचारायच्या, “मॅडम, कपडे कुठं टाकता वो धुवायला?” ती हे घरी येऊन सांगायची, आणि तो न ऐकल्यासारखं करून दोन दिवस खूश असायचा. त्या पांढरेपणानं त्याच्या घराला माणसात आणलं होतं. त्यात काही चूक असेल असं त्याला स्वप्नातही वाटलं नसतं.

चूक आहे असं मात्र त्याला सांगितलं गेलं होतं. एसटी गंगाखेडच्या स्थानकात शिरली, माणसं उतरली, चढली, आणि त्याला ते नको नको म्हणताना आठवलंच. एप्रिलचा शेवटचा आठवडा असेल. सुकेशनी दारात उभी होती, गालांवर मास्कचे लाल वळ उठलेले. “अवो, हे मास्क धूत नसतात म्हणं. मोठ्या सिस्टर म्हणायल्या.” “मग काय करतात?” “कागदाच्या पिशवीत ठिवायचे म्हणं पाच दिवस, अन् पुन्ना घालायचे. आळीपाळीनं.” “म्हणजे पाच दिवस तसाच मळका? सुकेशनी, मळ तो मळ. सायन्सचा मास्तर मी हाय का तुमच्या सिस्टर?” तो हे हसत म्हणाला होता. रागानं म्हणाला असता तर निदान ती भांडली असती. तीही हसली, दिवसभराच्या थकव्यानं डोळे मिटायला आलेले असताना हसली. “बरं बाबा मास्तर, तुमचंच खरं,” म्हणाली आणि तिनं मास्क त्याच्या हातात दिला. तिच्या बोटांवर पावडरीचा वास होता, हातमोज्यांतल्या. तो वास त्याला एसटीत आला. शेजारच्या बाईनं विचारलं, “सर, काय होयलंय का तुमाला?” तो म्हणाला, “काही न्हाई. ऊन लागायलंय.” जानेवारी महिना होता.

तिला मिळालेले मास्क एकूण पाच होते, प्रत्येक वेगळ्या पाकिटात बंद. त्यातले दोन तिनं वापरायला काढले, आणि दोन रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरला, भुजंगला देऊन टाकले. “आमच्या घरचा धोबी लय कडक हाय, आमाला दोनच पुरतात,” असं म्हणाली होती म्हणे. भुजंगनं ते मास्क कधी धुतले नाहीत. गाडीच्या आरशाला टांगलेले असायचे, वंगणाच्या हातांनी काळे झालेले. सिद्धोधननं त्याला एकदा चारचौघांत झापलं होतं, “अरे, हे तोंडाला लावायलास की गाडी पुसायलास?” भुजंगनं त्या दोन महिन्यांत शेकडो पेशंट नांदेडला पोचवले. तो आजही पालमच्या स्टँडवर भेटतो, चहा पाजतो, आणि ‘ताई’ म्हटलं की त्याचे डोळे भरतात. एका उदाहरणावरून काही सिद्ध होत नाही, हे सिद्धोधन दरवर्षी नववीच्या वर्गाला सांगायचा. त्यानं ते स्वतःलाही सांगून पाहिलं. ती तिथंच डबा खायची, मास्क काढून. पेशंटच्या दमलेल्या नातेवाइकांच्या तोंडाशी तोंड नेऊन बोलायची. आजाराला आत शिरायला शंभर वाटा होत्या. हे सगळं त्याला कळत होतं, आणि त्या कळण्याचा कवडीचा उपयोग होत नव्हता. मे महिन्याच्या सुरुवातीला तिला ताप आला. नांदेडला नेली. अकराव्या दिवशी ती गेली, आणि तिला घरी आणू दिलं नाही.

पाचवा मास्क उरला होता. तो प्राचीकडं होता. प्राची ही त्यांची एकुलती एक मुलगी, तेव्हा बारावीला होती. आई गेली तेव्हा ती रडली नाही, भडकली. त्या दिवसांत बोगस मास्कच्या बातम्या रोज येत होत्या. कुठं छापे पडत होते, कुठं खोटे शिक्के सापडत होते. “मम्मीला बोगस मास्क दिलते, पप्पा,” ती म्हणाली. “मी सोडणार न्हाई कुनाला.” तिनं चार पानी तक्रारअर्ज लिहिला आणि उरलेला मास्क बंद पाकिटासकट आपल्या जुन्या स्टीलच्या डब्यात ठेवला, पुरावा म्हणून. मग नांदेडला नर्सिंगला प्रवेश मिळाला, आणि अर्ज राहिला. पहिलं वर्ष संपल्यावर देऊ, मग परीक्षा झाल्यावर देऊ, मग ड्युटी लागली. सिद्धोधनला वाटायचं, पोरगी आईवर गेली, राग फार दिवस धरता येत नाही तिला. पण विषय निघाला की ती ठासून म्हणायची, “मास्कच बोगस होते, पप्पा. लिहून देते.” हे वाक्य ऐकलं की त्याला बरं वाटायचं. कुणीतरी दूरचा, नाव-गाव नसलेला माणूस दोषी होता, आणि त्याला मनोमन शिव्या देऊन सिद्धोधन आपली भाकरी थापायचा, शाळेत जायचा, जगायचा. त्या माणसाची गरज आजच्याइतकी मात्र त्याला कधीच पडली नव्हती.

घरी आल्यावर त्यानं हातपायसुद्धा धुतले नाहीत. प्राचीचं कपाट उघडलं, डबा काढला. पाकीट जसंच्या तसं होतं. आपल्याच घरात चोरी करतोय असं त्याला वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यानं प्रशिक्षणाच्या कागदावरचा नंबर लावला आणि शंतनुला सांगितलं, माझी पत्नी नर्स होती, हा मास्क तिला दवाखान्यातून मिळालेला आहे, वापरलेला नाही, खरा की खोटा एवढं सांगा. शंतनुनं मास्क किती जुना ते विचारून घेतलं. मग म्हणाला, “सर, पाठवा. पण एका नगावर अधिकृत रिपोर्ट देता येणार नाही. शिवाय पाच वर्षं जुना आहे, नुसत्या वयानंही भार कमी झालेला असू शकतो. नापास झाला, तरी तो मूळचाच खोटा होता असं म्हणता येणार नाही.” सिद्धोधनला हे न समजण्याचं काही कारण नव्हतं. अशा पुराव्यावर त्यानं दहावीच्या पोराला एकही गुण दिला नसता. “चालेल,” तो म्हणाला. नापास एवढा एक शब्द त्याला पुरणार होता. त्यावर तो उरलेलं आयुष्य काढायला तयार होता.

मग तीन आठवडे. सकाळी वंदनेला बसलं की त्याचं मन पाकिटामागं धावायचं. खोटं निघू दे. कुणाकडं तरी मागावं अशी त्याच्या घरातली रीत नव्हती, मागण्यावर त्याचा विश्वासही नव्हता, आणि तरी तो मागत होता. काय मागतोय हे एका सकाळी त्याच्या लक्षात आलं तेव्हा त्याला स्वतःची किळस आली. आपल्या बायकोला कुणीतरी फसवलेलं असावं, तिनं कागदाच्या लायकीची वस्तू तोंडाला बांधून त्या खाटांमधून फिरलेलं असावं, तिच्यासारख्या आणखी कितीतरी बायकांच्या तोंडाला तेच असावं, म्हणजे मग सिद्धोधन खंदारे सुटला. इतका हलका माणूस आपल्यात बसलेला होता हे त्याला माहीत नव्हतं. त्याच आठवड्यात आठवीला स्थिर विद्युतचा धडा आला. हवा कोरडी होती, प्रयोग छान जमतो असल्या हवेत. मैत्रेयी नावाच्या मुलीनं आपल्या वेणीवर कंगवा घासला आणि कागदाचे कपटे टुणकन उडून कंगव्याला चिकटले. वर्ग हसला. “सर, हे किती वेळ राहतंय?” मैत्रेयीनं विचारलं. तो फळ्याकडं तोंड करून बराच वेळ तारीख लिहीत राहिला.

फोन रविवारी सकाळी अकराला आला. सिद्धोधन डाळ निवडत होता, कारण दुपारच्या गाडीनं प्राची येणार होती. “सर, चांगली बातमी आहे,” शंतनुचा आवाज मोकळा होता. “एकदम अस्सल माल. पाच वर्षांनंतरही शहाण्णव टक्के, मलाच आश्चर्य वाटलं. शिक्काही खरा, नंबरही जुळतोय. मॅडमना कुणी फसवलं नव्हतं सर. म्हटलं, तुम्हाला ऐकून बरं वाटेल.” “लय बरं वाटलं,” सिद्धोधन म्हणाला. “तुमी एवढी तसदी घेतली. आभारी आहे.” पोरगा भला होता. त्यानं पुढं मास्क परत पाठवू का असं विचारलं, आणि सिद्धोधन नको म्हणाला. फोन ठेवून त्यानं राहिलेली डाळ निवडली. एकही खडा सुटू दिला नाही. कुकर लावला. शिट्ट्या मोजायच्या राहून गेल्या आणि डाळ खाली लागली. मग तो ओट्याला टेकून उभा राहिला. करपलेल्या डाळीचा वास घरभर झाला.

प्राची दीडला आली, लोह्याकडून येणाऱ्या गाडीनं. बाटलीतलं पाणी प्यायली, स्कार्फ सोडला, वास घेऊन म्हणाली, “पप्पा, डाळ करपवली का?” ती आता नांदेडच्या एका मोठ्या दवाखान्यात नोकरीला होती. चालणं, खांद्यावरची पर्स, सगळं सुकेशनीचं. तिला जेवू द्यावं, मग सांगावं असं त्यानं ठरवलं होतं. पण ती समोर बसली आणि त्याच्या तोंडातून निघालंच. “प्राची, तुझ्या डब्यातला मास्क मी तपासायला पाठवला होता.”

तिनं वळून कपाटाकडं बघितलं. “कुनाला इचारून?”

“अस्सल निघाला. पास झाला.”

“मशीन चुकली असंल,” ती भराभर बोलायला लागली. “पाच वर्षाच्या जुन्या मास्कवरून काय कळतंय? एक खरा असंल, बाकीचे खोटे असतील. असंच करतात ते लोक. मास्क बोगसच होते पप्पा, मी सांगायले ना तुमाला.”

“बोगस नव्हते. मी धूत होतो. रोज. तुझी मम्मी म्हणली होती एकदा, धूत नसतात. मी ऐकलं न्हाई.” त्याला तिच्याकडं बघवेना, म्हणून तो जमिनीकडं बघून वर्गात सांगावं तसं सांगायला लागला. “त्यात तीन थर असतात. बाहेरचा, आतला, अन् मधला जो असतोय, त्यात भार असतोय बघ. साबणाचं पाणी लागलं की...”

“माहीत हाय मला,” प्राची म्हणाली.

त्यानं मान वर केली. “काय माहीत हाय?”

“थर. साबण. सगळं.” ती उठून त्याच्याजवळ खाली बसली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. “हे कळल्यापासून तो मास्क तपासायला न्हवता ठिवला मी, पप्पा. कुनी तपासू नये म्हणून ठिवला होता. मला वाटलं, माज्या डब्याला तुमी हात लावणार न्हाई.”

बराच वेळ त्याला त्या वाक्याचा अर्थच लागेना. मग लागायला लागला, आणि थांबेना. अर्ज का राहिला ते. दर वेळी ती एवढी ठासून का बोलायची ते. “कधीपासून?” त्यानं विचारलं. पहिल्या वर्षाला, ती म्हणाली. फेब्रुवारीत. मॅडमनी वर्गात दाखवलं. म्हणजे आई जाऊन नऊ महिने झाले होते आणि ती अठरा वर्षांची होती. तेव्हा तो रोज संध्याकाळी हॉस्टेलवर फोन करायचा आणि रोज विचारायचा, आज काय शिकवलं? त्या दिवशीही त्यानं विचारलं असणार. “काय सांगितलंस मला त्या दिवशी?” “हात धुवायला शिकवलं म्हणले,” प्राची म्हणाली. तो त्यावर हसला असेल, एवढं काय शिकवायचंय त्यात म्हणाला असेल, आणि जेवून घे म्हणून फोन ठेवला असेल. आईवेगळ्या पोरीला आपण एकट्यानं सांभाळलं, ही एकच गोष्ट या पाच वर्षांत त्याला स्वतःबद्दल चांगली वाटत आली होती.

“मग बोललीस कुणाजवळ?” त्यानं विचारलं. “कुणाजवळ तरी रडलीस का न्हाई?”

“कुनाजवळ रडू, पप्पा?” ती म्हणाली. “मम्मी असती तर तिच्याजवळ रडले असते.”

आणि मग ती रडायला लागली. लहानपणी रडायची तशी, तोंड उघडं टाकून, श्वास कोंडून, आवाज न करता आधी, आणि मग सगळ्या घराला ऐकू जाईल असं. तिला जवळ घ्यावं म्हणून सिद्धोधनचा जीव तळमळला, पण त्याचे हात मांडीवरून हलेनात. त्या हातांनी तिला शिवावं असं त्याला वाटेना. शेवटी तिनंच ते ओढून घेतले आणि त्यात आपलं तोंड खुपसलं.